झुलाल नाना आणि आग्रहाचं ताट

झुलाल नाना सोयरिकीच्या घरी पोहोचले की आधी दारात काठी दिसायची, मग पोट, आणि पोटामागून सावकाश नाना. इतका दमदार प्रवेश जुन्या नाटक कंपन्यांत फक्त राजाला मिळायचा, तोही आतून तुतारी वाजल्यावर. नानांना तुतारीची गरज नव्हती. ओसरीवरची मंडळी आपोआप सरकून जागा करायची, कोणी लोड पुढे ढकलायचं, कोणी पाण्याचा तांब्या आणायचं, आणि आतून लसणाच्या फोडणीचा वास आला की नाना डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवायचे. टोपी उतरली म्हणजे लग्नाची बोलणी सुरू झाली, असं सगळे धरून चालायचे.

नरडाण्याजवळच्या एका खेड्यात नानांची शेती. कापूस, बाजरी, विहिरीला पाणी टिकलं तर थोडा गहू. पण धुळ्यापासून पार पाचोऱ्यापर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते वेगळ्याच कारणाने. कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोणाची आजी कोणाची आत्या लागते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. दोन घरांच्या मधे ते मध्यस्थ म्हणून उभे राहायचे आणि गाठ मारून मोकळे व्हायचे. या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. घेतलं ते फक्त जेवण.

जेवण हेच त्यांचं शास्त्र होतं. नाना म्हणायचे, माणूस बोलण्यात फसवेल, पंगतीत नाही फसवू शकत. मध्यस्थ जिथे पोटभर जेवला ते घर चांगलं. जिथे त्याने हात आखडला तिथे कुठेतरी पाणी मुरतंय. हा नियम कुठल्या पोथीत लिहिलेला नव्हता. नानांनीच तो गावोगाव सांगून रुजवला होता, आणि आता लोकांना तो पणजोबांपासून चालत आल्यासारखा वाटायचा.

त्यात आपल्याकडचा आग्रह. पंगतीत पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं ती नुसती रीत. दुसऱ्यांदा म्हटलं तर वाढणाऱ्याला उलट जोर चढतो. तिसऱ्यांदा तो ऐकतच नाही, ‘मना हातनी एक घ्या ना, नाना’ म्हणत गव्हाची बट्टी ताटात सोडतो आणि वरून तुपाची धार. त्या पंगती आठवल्या तरी अजून कानात गलका घुमतो. मांडवात लांबच लांब पट्ट्या, समोर पत्रावळी, वरणाच्या बादल्या घेऊन धावणारी पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे, ज्याची पत्रावळ सगळ्यात शेवटी उचलली जायची, ते झुलाल नाना. लोक कौतुकाने बघायचे. नानांनाही ते ठाऊक असायचं.

अशा कौतुकावर वाढलेलं पोट एक दिवस गुडघ्यांवर येऊन बसलं. आधी उकिडवं बसणं गेलं, मग मांडी घालणं गेलं. पंगतीत नानांसाठी खुर्ची-टेबल येऊ लागलं. ते त्यांनी हसत घेतलं. पण दिवाळीनंतर त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, दिपमालाचं लग्न ठरलं, आणि हसणं थांबलं.

मुलगा पाचोऱ्याचा, भूषण नावाचा. बियाण्यांचं दुकान, मुलगा समजूतदार. दिपमाला धुळ्याला एका शाळेत शिकवायची. सोयरीक अर्थातच नानांनी स्वतः बघितली होती. लग्न वैशाखात. आणि कन्यादानाला बापाने पाटावर मांडी घालून बसायचं असतं.

धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले आणि सांगितलं की गुडघे अजून बरे आहेत, त्यांच्यावर ठेवलेलं ओझं बरं नाही. वजन बऱ्यापैकी उतरवा, सांगितलेला व्यायाम करा, वैशाखापर्यंत मांडी घालून बसाल. नाहीच जमलं तर खुर्चीवर बसा, आजकाल चालतं.

आजकाल चालतं हे नानांनाही माहीत होतं. त्यांनीच जुळवलेल्या कितीतरी लग्नांत मुलीचा बाप खुर्चीत आणि मुलगी खाली पाटावर, असं त्यांनी बघितलं होतं. पण तो बाप त्यांना दुसऱ्याच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा वाटायचा. इतक्या लोकांच्या मुली नानांनी मार्गी लावल्या, प्रत्येक बापाच्या शेजारी बसून ‘आता हात पुढे करा, आता पाणी सोडा’ असं कानात सांगितलं, आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी वरून वाकून हात द्यायचा?  परत येताना एसटीत बेबाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दोनदा विचारलं, पाणी हवं का. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, “मी पाटवर बसनार शे, दिपूनी माय.”

निश्चय जोरात झाला. सुरुवात त्याहून जोरात झाली.

दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद, बाजरीची भाकरी सुरू. भाकरी घशाखाली उतरावी म्हणून तिच्यावर तूप, आणि ठेच्याचं तिखट मरावं म्हणून त्यात शेंगदाण्याचं तेल. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. त्याने चरबी वितळते असं कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. चरबी वितळली म्हणजे पोटात जागा झाली, म्हणून मागोमाग पोहे. मग फिरणं. नाना मित्राला, वनाभाऊंना, सोबत घेऊन नरडाणा स्टेशनपर्यंत चालत जायचे आणि स्टेशनबाहेरच्या गाडीवर गरम भजी खाऊन रिक्षाने परत यायचे. चालल्यावर भूक लागते ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी, असं ते वनाभाऊंना गंभीरपणे सांगत.

वनाभाऊ वाळलेल्या काडीसारखा माणूस, त्यांना कशाचीच चिंता नव्हती. ते भजी खात खात म्हणायचे, “नाना, पाय चालतस तुमना, नि पोट वाढस.”

महिन्याने काटा जागचा हलला नव्हता. नानांनी आधी काट्याला दोष दिला, मग थंडीला. हिवाळ्यात भरीत असतं, ताजी वांगी भाजून, वर तेलाचा तवंग आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्याला देवही नाही म्हणणार नाही. मग लोकांना दोष दिला. लोक ऐकतच नाहीत, वाढतच राहतात, चार घरचं मीठ खाणाऱ्या माणसाने करायचं काय. शेवटी गाडी बेबाबाईंवर आली. तुझ्या हाताला मापच नाही, म्हणाले.

बेबाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

“वाढस मी,” त्या म्हणाल्या. “पन खास कोन?”

नानांना हे लागलं. पण लागलेलं मनावर घ्यायचं नाही ही त्यांची जुनी सवय, म्हणून ते टोपी घालून बाहेर गेले.

मनावर घ्यावं लागलं ते दिपमालामुळे. शिंदखेड्याला चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं, तिथे तिने मोबाईलवर पंगतीचं चित्रण केलं होतं. सुट्टीच्या दिवशी घरी आल्यावर तिने मोबाईल वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, “आबा, हे बघा, तुम्ही किती छान दिसताय.” पोरगी शिक्षिका होती, धडा कुठून सुरू करायचा हे तिला कळत होतं.

नाना चष्मा लावून बघायला बसले. नटाने स्वतःचं काम पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसून बघावं तसे. पडद्यावर ते खुर्चीत होते, समोर वरण-बट्टीचं ताट. बट्टीवाला आला. नानांनी ताटावर हात आडवा धरला, मान हलवली, तोंडाने ‘बस, बस, भाऊ’ चाललं होतं. नाना स्वतःशी म्हणाले, बघा, मी नाही म्हणतोय. पण आडव्या हाताची बोटं अशी फाकलेली होती की त्यांतून अख्खी बट्टी खाली उतरावी. ती उतरली. नाना हसले. दुसऱ्यांदा बट्टीवाला आला, थांबला, ‘बरं’ म्हणून पुढे निघाला. आणि तेव्हा नानांना दिसलं. टेबलाआडून, मांडीजवळून, एक हात हळूच वर आला आणि दोन बोटांनी त्याने पोराला परत बोलावलं. हात नानांचाच होता. पोरगं परत आलं आणि नाना पुन्हा ‘नको, नको’ म्हणू लागले.

तो तुकडा नानांनी परत लावायला सांगितला. मग अजून एकदा. दिपमाला हसत होती, ती हळूहळू हसायची थांबली.

“तो जात होता,” नाना म्हणाले.

“हो, आबा.”

“मीच बोलावला.”

 दिपमाला उठून चहा करायला गेली, आणि चहात साखर घालू का हे विचारायलाही आली नाही. बिनसाखरेचाच आणला.

त्या संध्याकाळी नानांनी घरात नवा कायदा लावला. उद्यापासून मला कोणी वाढायचं नाही. भाकरीचं टोपलं आणि भाजीचं पातेलं समोर ठेवायचं, मी माझ्या हाताने घेईन. बेबाबाईंना ते अपशकुनी वाटलं. नवऱ्याला न वाढणारी बायको म्हणून गाव नाव ठेवील, असं त्यांचं म्हणणं. नानांनी सांगितलं, ठेवू दे.

गंमत अशी झाली की स्वतः घ्यायला लागल्यावर नानांना आपली भूक पहिल्यांदा भेटली. दोन भाकरी सहज घेतल्या जायच्या. तिसऱ्या भाकरीकडे हात गेला की मधेच थबकायचा. आजवर ताटात पडलं ते दुसऱ्याने टाकलेलं होतं. आता टोपल्यापर्यंत जाणारा हात आपला, आणि त्याच्याकडे बघणारे डोळेही आपलेच. असं स्वतःच्या देखत तिसरी भाकरी उचलायची लाज वाटायची. कधी उचलली, कधी नाही. उडदाचं घुटं, मेथी, कांद्याची पात, वाडगाभर ताक. भरीत त्यांनी सोडलं नाही, वरचा तेलाचा तवंग सोडला. स्टेशनापर्यंत चालत जाऊन चालतच परत येऊ लागले, आणि वनाभाऊंची भजी मात्र चालू राहिली, नाना समोर नुसते बसायचे, कारण खाताना वनाभाऊंना कोणीतरी समोर लागायचं.

घसरणंही व्हायचं. एकदा धुळ्याला कामासाठी गेले आणि शेवभाजीचा रस्सा बघून सगळं विसरले. त्या दिवशी घरी आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता त्यांनी बेबाबाईंना सांगितलं की आज पोटभर खाल्लं, कोणी आग्रह केला नाही, मीच मागवली. बेबाबाईंनी रात्री फक्त ताक दिलं. भांडण झालं नाही. या घरात खाण्यावरून भांडण न होता गेलेला तो पहिलाच दिवस म्हणायचा.

वजन उतरू लागलं. गुडघे थोडे वाकू लागले. पण बाहेर एक वेगळंच नाटक उभं राहिलं.

शिरपूरकडच्या एका मुलीच्या घरी नाना सोयरिकीला गेले आणि एक भाकरी खाऊन उठले. चार दिवसांत मुलाकडच्यांचा निरोप आला, मुलीकडे काही खोट आहे का, नाना जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या एका घरी त्यांनी नुसतं ताक घेतलं, तर घरची म्हातारी रडवेली झाली. जो नियम नानांनी स्वतः गावोगाव पेरला होता तो आता तरारून उगवला होता. त्यांना दोन्ही ठिकाणी परत जाऊन समजूत घालावी लागली. वनाभाऊ म्हणाले, ही शिरपूरकडची लोकं तरी परकी आहेत, पाचोऱ्याला काय करणार?

कारण पाचोऱ्याचं बोलावणं आलं होतं. होळीनंतर व्याह्यांचं जेवण. भूषणची आई, सुनंदाबाई, खापरावरच्या पोळ्यांसाठी साऱ्या नात्यात प्रसिद्ध. उलट्या मातीच्या खापरावर हाताने मोठी करून टाकलेली, पुरणाने भरलेली, सूपभर पोळी. तिच्या दारात जेवून उठलेला माणूस संध्याकाळचं जेवत नाही असं म्हणत. आणि आग्रहात ती बाई कोणालाच हार जायची नाही.

आदल्या दिवशी बेबाबाईंनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, एक दिवस खा. पोरीचं लग्न आहे, उगाच शंका नको. एक दिवसाने काही बिघडत नाही. नानांनाही ते पटत होतं, आणि तेच त्यांना खटकत होतं. एक दिवस, एक दिवस करतच तर ते एवढे झाले होते. पण तिथे नको म्हटलं आणि दिपूची सोयरीक नासली तर? पारोळ्यावरून गाडी जात असताना ते खिडकीबाहेर बघत बसले. दिपमाला सोबत नव्हती, ही एक बरी गोष्ट.

पाचोऱ्याचं घर माणसांनी भरलं होतं. पुरुषांची पंगत आधी. नानांसाठी खुर्ची आणली, ती त्यांनी नाकारली आणि भिंतीला पाठ लावून एक पाय लांब करून खाली बसले. ताट आलं. पोळी, कटाची रशी, कुरडई, भजी, तूप. नानांनी अर्धी पोळी तोडून ठेवली आणि सावकाश जेवले. खूप दिवसांनी पुरण जिभेवर आलं होतं. वेलदोडा, जायफळ, आणि मागे कुठेतरी चुलीच्या धुराची चव. आतापर्यंत अशा किती पोळ्या पोटात गेल्या असतील, पण ही धुराची चव त्यांना आजच कळली.

सुनंदाबाई दुसरी पोळी घेऊन आल्या. नाना नको म्हणाले. बाई हसल्या, पहिलं ‘नको’ ही नुसती रीत. नाना पुन्हा नको म्हणाले. बाईंनी पदर खोचला. तिसऱ्यांदा त्या वाकल्या तेव्हा नानांनी ताट दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.

 व्याही पंगतीत ताट उचलतो, हे तिथल्या कोणीच बघितलं नव्हतं. सुनंदाबाईंच्या हातात पोळी तशीच लटकत राहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दारातून बघणाऱ्या बेबाबाईंनी डोळे मिटून घेतले. भूषणचे वडील प्रेमराजभाऊ जेवता जेवता थांबले.

“नाना,” ते हळू आवाजात म्हणाले, “आमचं काही चुकलं का? काही मनात असलं तर आता सांगा. अजून सगळं हातात आहे.”

 शेवटचं वाक्य ऐकून नानांनी ताट खाली ठेवलं.

“तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. घर चांगलं आहे, पोरगा चांगला आहे, आणि विहीणबाई, असली पोळी मी जन्मात खाल्ली नाही. म्हणजे खाल्ल्या खूप, पण चव बघायला वेळच नव्हता.” कोणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. “मध्यस्थ जेवला नाही तर सोयरिकीत खोट, हे मीच लोकांना सांगत फिरलो. ते चूक होतं. मला माझ्या पोरीच्या कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं आहे. म्हणून मी एवढंच खातो. तुम्ही आग्रह करा, तो तुमचा मान आहे. पण तोंड माझं आहे, त्याचा जबाब मलाच द्यायचा आहे.”

सुनंदाबाईंनी क्षणभर विचार केला. त्या रागावल्या होत्या की नाही हे कोणालाच कळेना.

“ते सगळं ठीक आहे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण पहाटेपासून खापरासमोर बसलेय मी. मग ही पोळी वाढू कोणाला?”

“दिपूच्या आईला वाढा,” नाना म्हणाले. “लग्न झाल्यापासून मी उठल्यावर ती बसली आहे. गरम पोळी तिला ठाऊकच नाही.”

पुरुषांच्या पंगतीत बाईमाणूस बसत नाही, असं कोणीतरी कोपऱ्यातून पुटपुटलं. सुनंदाबाईंनी त्या कोपऱ्याकडे असं बघितलं की तो कोपराच आवाज न करता बंद झाला. बेबाबाईंना हाताला धरून आणलं, नानांच्या शेजारी बसवलं, ताट मांडलं. बेबाबाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं, आणि तिसरीला शांतपणे नाही म्हणाल्या. सुनंदाबाईंनी त्यांना लगेच सोडलं. मग स्वतःही ताट घेऊन समोर बसल्या आणि प्रेमराजभाऊंना म्हणाल्या, आता तुम्ही वाढा. प्रेमराजभाऊंनी रशीचं पातेलं हातात घेतलं आणि पहिल्याच वाढणीत अर्धी सांडली.

निघताना तारीख पक्की झाली होती. भूषणने नानांची काठी गाडीपर्यंत आणून दिली आणि विचारलं, व्यायाम कोणता करता. त्याच्याही वडिलांचे गुडघे दुखायचे.

वैशाखातलं लग्न म्हणजे उन्हाने मांडवाची कनात तापलेली, पंख्यांची घरघर, आणि घामाने कपाळावरचं कुंकू वाहायला लागलेलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत नाना पोहोचले नव्हते. बरंच उरलं होतं. गुरुजींनी त्यांच्याकडे एकदा बघून पोराला खुर्ची आणायला पाठवलं. नानांनी काठी वनाभाऊंकडे दिली, एक हात बेबाबाईंच्या खांद्यावर ठेवला आणि खाली गेले. एक पाय आत आला. दुसऱ्या पायाने थोडा वेळ विचार केला. मग तोही आला.

दिपमालाने वळून बघितलं. हळदीच्या चेहऱ्यावर तिचे डोळे आता वडिलांच्या डोळ्यांच्या बरोबरीला होते.

गुरुजी मंत्र म्हणू लागले. नानांनी हात पुढे केला, मुलीचा हात हातात घेतला, पाणी सोडलं. या वेळी त्यांच्या कानात सांगायला शेजारी कोणी मध्यस्थ नव्हता, म्हणून दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा बेबाबाईंनी कोपराने ढोसून दुरुस्त केलं. विधी संपला. गुरुजी म्हणाले, चला, आता उठलं तरी चालेल. मंडळी उठली. सुनंदाबाई उठल्या, भूषण उठला, दिपमाला शालू सावरत उठली. नाना बसूनच राहिले.

बेबाबाई घाबरून वाकल्या. “काय व्हयनं? गुडघा धरना का?”

“नही,” नाना म्हणाले. “बसू दे थोडा टाईम.”

वनाभाऊ काठी घेऊन आले होते. ते काठीसकट तिथेच शेजारी, रिकाम्या पाटावर बसले.